एडिटिंग शिकवायला कोण घ्यावं : कायमचा प्राध्यापक की काम करणारा एडिटर?

सोलापुरात शिकवणाऱ्या मैत्रिणीचा परवा फोन आला : "फिल्म एडिटिंगला माणूस घ्यायचाय. नेट (प्राध्यापकाची पात्रता परीक्षा) झालेला कायमचा घेऊ, की पुण्याचा एडिटर तासिकेवर बोलावू?"

खर्चात एडिटर स्वस्त. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगात महिना ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. एडिटरला तासिकेचे पैसे आणि हुतात्मा एक्स्प्रेसचं भाडं. पण त्याची डेडलाइन आली की आपला तास बुडतो.

कसब मात्र त्याच्याकडेच. एका एडिटरने मुलांसमोर पुढच्या शॉटचा आवाज फक्त आठ फ्रेम, म्हणजे सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा, आधी आणला, आणि अडखळणारा संवाद एकदम वाहता झाला. सगळा वर्ग गप्प! हे नोट्समधून येत नाही. उलट अंतर्गत गुण, परीक्षा, सबमिशनच्या आदल्या रात्री फुटेज उडालेलं रडवेलं पोर, यासाठी रोज विभागात बसणारंच माणूस लागतं.

अशा कामातल्या माणसासाठी यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) २०२२ पासूनचं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' हे पदही आहे. पदवीची सक्ती नाही, १५ वर्षांचा अनुभव हवा. मुदत फार तर ४ वर्षं.

अभ्यासक्रम नव्याने उभा करायचा असेल, तर कायमचाच घ्या; फक्त मुलाखतीत त्याला टाइमलाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष एडिटिंग करायला, बसवा. घडी बसलेली असेल, तर एडिटर बोलवा, तोही सलग आठवडाभर.