घरगुती सर्व्हरसाठी डब्ल्यूडी रेड एसएन७०० : एक अभिप्राय

इंदूरच्या रामबागेतील आमच्या घरी, देवघराशेजारच्या कोनाड्यात, प्रॉक्समॉक्स (एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) चालवणारा एक चिमुकला संगणक असून त्यावर पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असे आभासी संगणक, अहोरात्र सुरू असतात. आधीची स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी) एसएसडी, मोठा बॅकअप घेताना कॅशे, म्हणजे तिच्यातली तात्पुरती वेगवान जागा, भरला की, जुन्या हार्ड डिस्कपेक्षाही मंद होई आणि सगळेच काम खोळंबे. म्हणून १ टीबीची डब्ल्यूडी रेड एसएन७०० ही एसएसडी घेतली. सेकंदाला ३,४३० एमबी हा तिचा वाचनवेग आज काही विशेष नाही. परंतु २,००० टीबीडब्ल्यूची (एकूण किती टेराबाइट लिहिता येतील याचे माप) लेखनक्षमता, म्हणजे पाच वर्षांच्या वॉरंटीत रोज सुमारे १.१ टीबी, ही खरी जमेची बाजू, कारण तेवढ्याच क्षमतेच्या सॅमसंग ९९० प्रोला ती ६०० आहे. उणीव एकच, पण मोठी: वीज गेल्यास अर्धवट राहिलेले लेखन पूर्ण करून देणारे कपॅसिटर तिच्यात नाहीत, त्यामुळे झेडएफएस या फाइल प्रणालीवरील सिंक लेखन (माहिती कायमची साठल्याची खात्री होईपर्यंत थांबणारे लेखन) मंदावते आणि यूपीएस तर हवाच. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून हीटसिंकही लावला. तो आत जेमतेम मावला आणि झाकण बसवताना बारीकसा स्क्रू दोनदा निसटून पाटाखाली गेला.