निक ड्रेकच्या तीन रेकॉर्ड्स, आठ महिन्यांनंतर

तिन्ही रेकॉर्ड्स घेऊन आठ महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या पंधरा दिवसांत लिहिलं असतं तर "छान आहे, जरा उदास आहे, रात्री ऐका" एवढंच लिहून मोकळी झाले असते आणि ते साफ चुकलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निक ड्रेक, स्वतःची गाणी लिहून गिटारवर गाणारा इंग्लिश गायक, जन्म १९४८ चा, रंगूनचा. वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर (हो, आपल्या मुंबईचीच कंपनी ती). वाढला इंग्लंडात, वॉरिकशरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डेन नावाच्या गावात. केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकत असतानाच रेकॉर्डिंगचं काँट्रॅक्ट मिळालं, डिग्री अर्धवट सोडली, १९६९ ते ७२ मध्ये तीन अल्बम आले आणि त्या काळात एकाचाही पाच हजारांवर खप झाला नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये डिप्रेशनच्या गोळ्यांच्या ओव्हरडोसने राहत्या घरी गेला, वय २६. आणि प्रॉब्लेम असा आहे की जो तो याच टोकापासून सुरुवात करतो, आधी त्याचं मरण कळतं आणि मग प्रत्येक गाण्यात तेच शोधत बसतो आपण, मीही तेच केलं सुरुवातीला.

ते सुटलं गिटारमुळे. मी हौशी वाजवणारी, रेडीमेड कॉर्ड्सवर भागवणारी. तिसऱ्या महिन्यात त्याचं 'पिंक मून' हे गाणं बसवायला घेतलं आणि कळलं की नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ते होतच नाही. जाड तार ईवरून थेट सीपर्यंत उतरवायची (ही पाश्चात्य स्वरांची नावं), मग जी, सी, एफ, आणि जाडीकडून पाचवी मात्र बीवरून अर्धा स्वर वर सीला चढवायची, पातळ ई तशीच, आणि वर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. जाड तार इतकी सैल पडते की जोरात मारली की खर्रर्र करते. म्हणजे मारायचीच नाही, अंगठ्याने नुसती दाबून सोडायची. आणि तो अंगठा एकसारखा चालत राहिला पाहिजे, वरची बोटं काहीही करोत. मला हे दीड महिना जमलं नाही, दोन तारा तुटल्या, आणि त्या दीड महिन्यात एकदाही माझ्या मनात "बिचारा" हा शब्द आला नाही. ज्याचा हात असा चालतो तो माणूस तासन् तास बसून काम करणारा असतो. लाइव्ह कार्यक्रमांत गाण्यागणिक तारा लावण्यात त्याचा वेळ जायचा, लोक गप्पा मारायला लागायचे, शेवटी त्याने स्टेजच सोडलं. ते वाचून आधी नुसतं वाईट वाटायचं, आता तो वेळ कशात जायचा ते माझ्या बोटांना माहितीये.

'पिंक मून' याच नावाचा त्याचा अख्खा शेवटचा अल्बम ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत झाला. स्टुडिओत फक्त तो आणि साउंड इंजिनिअर जॉन वुड. गिटार आणि आवाज, एका गाण्यात थोडासा पियानो, बस. अठ्ठावीस मिनिटं. पोळ्या लाटायला घेतल्या तर संपायच्या आत संपतो. पण हा पहिला ऐकू नका असं माझं मत, फार उघडा आहे, आधी ऐका त्याचा पहिला अल्बम, 'फाइव्ह लीव्ज लेफ्ट'. त्यात डॅनी थॉम्प्सनचा डबल बास आहे, रॉबर्ट कर्बी या केंब्रिजच्या मित्राने केलेलं व्हायोलिन-चेलोचं काम आहे, 'वे टू ब्लू'मध्ये तर गिटार अजिबातच नाही, नुसती स्ट्रिंग्ज आणि आवाज. आणि 'रिव्हर मॅन'. त्याच्या स्ट्रिंग्ज मात्र कर्बीने नाही, हॅरी रॉबिन्सनने लिहिल्यात. हे गाणं पहिल्यांदा लावलं तेव्हा बाबा पेपर वाचत होते, बाबांनी तरुणपणी बरीच वर्षं तबला केलाय, इंग्रजी गाण्यांशी काही घेणंदेणं नाही, पण दुसऱ्या कडव्याला बघते तर मांडीवर बोटं चालू. म्हणाले, "अगं हे पाचात आहे. झपताल मधोमध कापल्यासारखं." खरंच पाच मात्रांचं आहे ते, झपतालाच्या दहाच्या निम्मं. मी शंभर वेळा ऐकून मोजलं नव्हतं.

दुसरा अल्बम, 'ब्रायटर लेटर', मला सगळ्यात कमी भावला, आठ महिन्यांनीही. ड्रम्स, ब्रास, मागे कोरस, सगळं नीटनेटकं, पण त्याचा आवाज गर्दीत मागे उभा राहिल्यासारखा वाटतो. अपवाद 'नॉर्दर्न स्काय'. त्यात 'वेल्व्हेट अंडरग्राउंड' बँडमधल्या जॉन केलने पियानो आणि सेलेस्टा (पियानोसारखंच, पण घंट्यांसारखा नाजूक आवाज असलेलं वाद्य) वाजवलाय, आणि जिला कुणी उदास म्हणू शकणार नाही अशी सरळ सरळ प्रेमाची गोष्ट आहे ती. ज्यांना निक ड्रेक म्हणजे फक्त अंधार वाटतो त्यांना मी हेच ऐकवते. (माझ्याकडे आलेली या अल्बमची पहिली कॉपी वाकडी निघाली, सुई उड्या मारायची, बदलून मिळायला तीन आठवडे आणि सतरा फोन लागले. ऑनलाइन मागवलीत तर रेकॉर्ड आल्या आल्या सपाट टेबलावर ठेवून बघा.)

मोठा झालेल्या निकचा एकही व्हिडिओ उपलब्ध नाही, त्यामुळे हात कसा चालायचा हे बघायची सोय नाही, कानानेच काढावं लागतं. यासाठी हेडफोन लावा, स्पीकरवर अंगठा हरवतो.

हल्ली त्याच्या आईची, मॉली ड्रेकची, घरगुती रेकॉर्डिंग्ज ऐकतेय. १९५० च्या दशकात घरीच पियानोवर गायलेली, नवऱ्याने टेप केलेली, अल्बम म्हणून आली ती थेट २०१० च्या दशकात. वाक्य संपता संपता सूर जरा बाजूला सरकवायची सवय तिचीही आहे. हे कुठून आलं असेल असं मला निकच्या बाबतीत वाटायचं, ते घरातूनच आलंय.

परवा पुन्हा तार तुटली म्हणून दोन दिवस घरात शांतता होती. रात्री जेवणं झाल्यावर बाबांनीच विचारलं, "ते पाचातलं लावतेस का?"