मणक्यातली गाठ 'लेझरने विरघळवतो' सांगून आमचे १,२५,५०० रुपये लुटले

राग जात नाही म्हणून लिहितोय. आईच्या पाठीत डी-८ ला, म्हणजे छातीमागच्या आठव्या मणक्याशी, मेनिंजिओमा (मज्जारज्जूच्या आवरणावरची गाठ), कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये स्पष्ट दिसत होता. परळला सर्जननी नीट समजावलं होतं, गाठ मज्जारज्जूच्या बाहेर आहे पण त्याला दाबतेय, मागचं हाड उघडून मायक्रोस्कोपखाली काढू, बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, पूर्ण निघाली तर सहसा परत होत नाही. पण पायांना धोका थोडा का होईना आहे म्हणाले आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं, त्यात तारीख लांबची. तेवढ्यात नात्यातल्या एकाने कांजूरकडचं ते सेंटर सांगितलं. टाका नाही, भूल नाही.

फी १०,०००, पॅकेज ६८,०००, इंजेक्शनं ४७,५००.

त्या माणसाने एमआरआयची फिल्म पाकिटातून बाहेरच काढली नाही हो! पाकिटावर चहाचा कप ठेवून बोलत होता. जीपेला भलत्याच कुणाचं नाव आलं, पावतीवर 'मसाज व आहार सल्ला'. तिथेच उठायला हवं होतं. पण पहिल्या इंजेक्शननंतर आई स्वतः जिना चढली, मग कोण संशय घेईल सांगा? सर्जन नंतर म्हणाले स्टिरॉइड असणार, सूज उतरते, गाठ जागेवरच. इंजेक्शनने बरं वाटलं म्हणजे गाठ गेली असं अजिबात धरू नका.

अख्खा पावसाळा गेला. गणपतीत आईच्या पायातून चप्पल निसटायची आणि तिला कळायचंच नाही, मग लघवी अडकली, तेव्हा धावपळ करून ऑपरेशन. गाठ पूर्ण निघाली, बायॉप्सीत ग्रेड १, म्हणजे कॅन्सर नसलेली. पण ऑपरेशनआधी पायात जेवढी ताकद शिल्लक, त्यावरच नंतरचं बरंचसं अवलंबून असतं, आणि तीच ह्यांनी घालवली. आई आज वॉकरवर आहे.

पोलीस म्हणे तुम्ही राजीखुशीने दिलेत, सिव्हिल मॅटर आहे. दुसऱ्या ऑफिसात म्हणे तो डॉक्टरच नाही, मग आमच्याकडे येत नाही. डॉक्टर नाही हीच तर तक्रार आहे ना! तिसरीकडे अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र साहेब जाग्यावर नाहीत.

डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघा. पैशांसाठी सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, ट्रस्टच्या हॉस्पिटलात गरिबांसाठी १० टक्के बेड राखीव असतात ते हक्काने मागा. पाय जड होत असतील, लघवीवर ताबा जात असेल तर त्याच दिवशी न्यूरोसर्जन गाठा.

'मसाज व आहार सल्ला' लिहिलेली अशी पावती अजून कुणाकडे असेल तर मेसेज करा, एकट्याची तक्रार कुणी घेत नाहीये.