वेलदोड्याचा पाव आणि काड्यांचे झुंबर : ग्वाल्हेरच्या थंडीतले एक नॉर्डिक दुकान

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागात एका घराच्या पुढच्या दोन खोल्यांमध्ये डिसेंबर महिन्यापुरते एक दुकान थाटले जाते. दाराला पाटी नाही आणि कुठे जाहिरातही नाही, त्यामुळे ओळखीच्या कुणी सांगितल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड या पाच नॉर्डिक देशांत नाताळ जसा साजरा होतो, त्या धर्तीवरच्या घरसजावटीच्या वस्तू, लोकरीचे कपडे आणि ओव्हनमध्ये भाजलेले पदार्थ येथे एकत्र मिळतात. मी यंदा तीन वेळा तेथे गेले, दर वेळी पैसे मोजून काही ना काही आणले, घरी वापरले आणि खाल्ले. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

सर्वांत आधी वेलदोड्याच्या पावाविषयी लिहायला हवे, कारण या दुकानाची खरी कमाई तीच आहे. वेलदोडा मूळचा आपल्या पश्चिम घाटातला. पण स्वीडनमध्ये तो घरोघरच्या गोड पावात इतका मुरला आहे की कार्देमुम्माबुल्ले या तिथल्या पावाचे नावच वेलदोड्यावरून पडले आहे. मैदा, दूध, लोणी, साखर आणि यीस्ट यांची मऊ कणीक फुगवून लाटायची, तिच्यावर लोणी, साखर आणि कुटलेला वेलदोडा पसरून घडी घालायची, मग पट्ट्या कापून प्रत्येक पट्टीला पीळ देत तिची गाठ वळायची, अशी ही कृती आहे. या कणकेत बहुधा अंडे नसते, ते फक्त वरून चकाकी येण्यासाठी लावतात. मालकीणबाईंनी त्याऐवजी दुधाचा हात फिरवला आहे, त्यामुळे अंडे न खाणाऱ्या घरांतही हा पाव निःशंकपणे नेता येतो. शहराच्या आमच्या लष्कर भागातल्या जुन्या मराठी घरांच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

पहिल्या खेपेस मात्र मी निराश झाले होते. पाव उत्तम फुगला होता, लोण्याचा वासही खरा होता, पण वेलदोडा सालीसकट मिक्सरमध्ये वस्त्रगाळ करून घातलेला होता, आणि त्यामुळे चव हलवायाच्या दुकानातल्या साध्या पेढ्यासारखी सपाट झाली होती. आपण श्रीखंडासाठी किंवा पुरणासाठी वेलदोड्याची बारीक पूड करतो ते योग्यच असते, कारण तेथे तो सगळीकडे सारखा पसरायला हवा असतो. या पावात मात्र साल काढून केवळ काळे दाणे जाडसर कुटायचे असतात, म्हणजे घासागणिक एखादा दाणा दाताखाली फुटतो आणि त्याचा तिखटगोड दरवळ नाकापर्यंत जातो. हे मी मालकीणबाईंना सांगितले, तेव्हा त्या मनापासून म्हणाल्या, "काकू, पुढच्या आठवड्यात या, खलबत्त्यात कुटून करते." त्यांनी शब्द पाळला. दुसऱ्या खेपेचा पाव मी दुकानातच उभ्या उभ्या खाल्ला आणि घरी न्यायला आणखी सहा बांधून घेतले. एका पावाला ६० रुपये पडतात आणि ते रास्त आहेत.

केशराचा पाव तर याहूनही जवळचा वाटावा असा आहे. १३ डिसेंबर हा संत लुसियाचा दिवस. युरोपातल्या जुन्या पंचांगाप्रमाणे वर्षातली सर्वांत मोठी रात्र तीच समजली जाई. स्वीडनमध्ये त्या पहाटे पांढरा झगा, कमरेला तांबडी पट्टी आणि डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट अशा वेषातली मुलगी पुढे आणि तिच्या मागे बाकीची मुले, अशी गाणी गात मिरवणूक निघते. तेव्हा कॉफीबरोबर जो पिवळाधमक पाव वाटतात त्याला लुस्सेकात्त म्हणतात. इंग्रजी एस अक्षरासारखी दुहेरी वेटोळी आणि दोन्ही टोकांच्या मधोमध एकेक मनुका, असा त्याचा घाट असतो. केशराने कणीक लवकर कोरडी पडते, हा तिथल्या बेकरांचा नेहमीचा अनुभव, आणि म्हणून अनेक जण त्यात क्वार्क नावाचे निथळलेले, दह्यासारखे आंबट चीज मिसळतात. मालकीणबाईंनी त्या जागी चक्का वापरला आहे. केशर, चक्का, साखर आणि मऊ पाव: श्रीखंड खाऊन वाढलेल्या जिभेला यात परके काहीच उरत नाही, तरीही हा श्रीखंडाचा पाव मुळीच होत नाही, कारण चक्क्याचे काम येथे चवीचे नसून ओल टिकवण्याचे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेला पाव मुद्दाम न गरम करता खाऊन पाहिला. तो तसाच मऊ होता. केशर काश्मीरचे आहे असे सांगण्यात आले, आणि रंगावरून व वासावरून ते अस्सल असावे असे वाटले.

नॉर्वेमध्ये नाताळासाठी घरी सात प्रकारचे खाऊ करण्याची जुनी रीत आहे. कुणाच्या घरी सात झाले आणि कुणाचे पाचावरच राहिले, याची बायकांमध्ये चर्चा होते, हे वाचल्यावर आपल्या दिवाळीच्या फराळाची आठवण न होणे अशक्य आहे. त्या सातांपैकी दोन येथे मिळतात. फत्तीमन हा पदार्थ म्हणजे वेलदोडा घातलेल्या कणकेचे चौकटी काप, मध्ये चीर देऊन एक टोक त्यातून ओढून घेतलेले आणि तळलेले. शंकरपाळ्याचा हा उत्तरेकडचा भाऊ अतिशय खुसखुशीत जमला आहे. यात अंड्याचा बलक असतो आणि दुकानात तशी चिठ्ठी स्पष्ट लावलेली आहे. क्रुमकाके ही नक्षीदार लोखंडी साच्यात भाजून गरम असतानाच गुंडाळलेली पातळ वाफर आहे. ती मात्र धुक्याच्या दिवसांत दोन तासांत सादळते, म्हणून ती सकाळीच घ्यावी आणि घरी नेल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

आल्याची बिस्किटे, म्हणजे पेप्परकाकोर, हा या विभागातला कच्चा दुवा आहे. आले, दालचिनी आणि लवंग यांचे प्रमाण चांगले असले तरी बिस्किटे जाड लाटली आहेत आणि त्यामुळे मधोमध नरम राहतात. या कणकेला रात्रभर थंडाव्यात विश्रांती द्यावी लागते आणि नंतर ती जवळजवळ पापडाइतकी पातळ लाटावी लागते. बिस्कीट मोडताना खट् असा आवाज यायला हवा. २५० ग्रॅमच्या डब्याला ३२० रुपये मोजल्यावर इतकी अपेक्षा ठेवणे गैर नव्हे. गजक, म्हणजे तीळ-गुळाची वडी, कुरकुरीत कशी असावी हे ज्या शहराला कुणी शिकवायची गरज नाही, तेथे हे बिस्कीट सुधारणे कठीण जाऊ नये.

आता घरसजावटीकडे वळते. डिसेंबरच्या मध्यावर स्टॉकहोममध्ये सूर्य जेमतेम सहा तास असतो आणि दुपारी तीनच्या आधी मावळतो. नॉर्वेच्या उत्तरेला ट्रॉम्सो येथे तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तो क्षितिजावर येतच नाही. तिथल्या घरातली फिकट लाकडे, पांढऱ्या भिंती आणि जागोजागी ठेवलेले लहान लहान दिवे हे सारे मिळेल तेवढा उजेड धरून ठेवण्याच्या गरजेतून आले आहे. हे लक्षात न घेता नुसत्या पांढऱ्या रंगाच्या वस्तू मांडल्या तर घर उबदार होण्याऐवजी दवाखान्यासारखे दिसते. दुकानाने ही चूक निम्मी टाळली आहे आणि निम्मी केली आहे.

खिडकीत ठेवण्याची सात दिव्यांची त्रिकोणी लाकडी कमान, जी स्वीडनमध्ये नाताळाच्या आधीच्या चार आठवड्यांत जवळजवळ प्रत्येक खिडकीत दिसते, ती येथे सागाच्या फळीतून सुबक बनवून घेतलेली आहे. परंतु तिला बसवलेले दिवे निळसर पांढरे होते आणि त्यांनी कमानीची सगळी माया घालवली होती. मी घरी आणून ते काढले आणि पिवळसर उजेडाचे, २७०० केल्विनचे बल्ब लावले, तेव्हा कुठे ती कमान खोलीत शोभू लागली. डेन्मार्कच्या पॉल हेनिंगसन यांनी १९२० च्या दशकापासून दिव्यांच्या ज्या छत्र्या घडवल्या, त्यांमागचा विचारही हाच होता की उघडा दिवा डोळ्यांवर येऊ नये आणि उजेड थरांवरून परावर्तित होऊन मऊ व्हावा. कागदी तारा मात्र येथे निर्दोष आहे. आपला आकाशकंदील दाराबाहेर उंच टांगला जातो, तर तिकडचा तारा खिडकीच्या आतून काचेजवळ लावतात, म्हणजे तो घरातल्यांना आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतो.

या दुकानातली माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे हिम्मेली, फिनलंडचे काड्यांचे झुंबर. मूळ झुंबर राय नावाच्या धान्याच्या काड्यांचे असते. नाताळात ते जेवणाच्या मेजावर टांगत आणि येते पीक चांगले यावे म्हणून जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणापर्यंत तसेच ठेवत. आपल्याकडे दाराला भाताच्या लोंब्यांचे तोरण बांधतात, त्याच भावनेतली ही गोष्ट आहे. मालकीणबाईंनी गव्हाच्या काड्या वापरल्या आहेत, आणि आपल्या या गव्हाच्या मुलखात ते सर्वस्वी उचित आहे. काड्या पाण्यात भिजवून मऊ करायच्या, म्हणजे कापताना चिरत नाहीत. मग सारख्या लांबीच्या बारा काड्यांमधून दोरा ओवून आठ त्रिकोणी बाजूंची आकृती बांधायची, आणि अशा लहानमोठ्या आकृती एकीखाली एक जोडत न्यायच्या. एखादी काडी दाणाभर जरी लांब राहिली तरी सगळे झुंबर एका अंगाला कलते. मी आणलेले झुंबर सोळा आकृतींचे आहे आणि ते सरळ लोंबते, याहून अधिक प्रशंसा त्या हातांची करता येणार नाही. त्याला ९०० रुपये पडले.

दोरीने विणलेल्या बैठकीचे स्टूलही पाहण्यासारखे आहे. डेन्मार्कच्या हान्स वेग्नर यांच्या १९४९ सालच्या प्रसिद्ध खुर्चीची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने हाताने विणलेली असते. येथे तसे काम खाटा विणणाऱ्या कारागिराकडून सुताच्या दोरीत करून घेतले आहे. वीण पक्की आहे, पण पाय किंचित डगमगतात. बाकी कॉफीचे मग, मेणबत्त्या आणि कापूस चिकटवलेली प्लास्टिकची झाडे कुठेही मिळतात, आणि त्यांनी अडवलेली भिंत झुंबरांना दिली असती तर बरे झाले असते.

लोकरीच्या कपड्यांचा विभाग निवडून घ्यायचा आहे. नॉर्वेच्या सेल्बू गावात १८५७ मध्ये मारित एम्स्टाड या मुलीने आठ पाकळ्यांच्या फुलाची दुरंगी नक्षी हातमोज्यांवर विणली, आणि ती पुढे जगभर नॉर्वेची खूण ठरली. अशा विणकामात एका वेळी दोन रंगांची लोकर चालते. जो रंग पुढे दिसत नाही तो मागून मोकळा जातो, त्यामुळे कापड आपोआप दुपदरी होते आणि ऊब वाढते. म्हणून असा कपडा घेताना आधी उलटा करून पाहावा. मागचे मोकळे धागे पाच-सहा टाक्यांपेक्षा लांब असतील तर बोटे, अंगठ्या आणि विशेषतः बांगड्या त्यांत अडकतात. येथले हातमोजे शहरातल्याच बायकांनी खऱ्या लोकरीत विणले आहेत, मागची बाजू पुढच्याइतकीच नीटस आहे, आणि ६५० रुपयांत ते स्वस्तच म्हणायला हवेत. स्वेटर मात्र यंत्रावर विणलेले आणि अॅक्रिलिकचे आहेत. चिठ्ठीवर तसे प्रामाणिकपणे लिहिले आहे हे खरे, पण २२०० रुपये देऊन अॅक्रिलिक घेण्यापेक्षा १९०५ पासून भरणाऱ्या आपल्या व्यापारमेळ्यात शोध घेणे शहाणपणाचे ठरेल.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नॉर्डिक देशांत घरे आतून तापवलेली असतात आणि जाड स्वेटर मुख्यतः बाहेर पडताना घालतात. आपली दगडी घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, त्यामुळे जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की घरातच अधिक गारठते, आणि दुपारी अंगणात ऊन चांगलेच लागते. अशा हवेत डोक्यातून घालायच्या जाड स्वेटरपेक्षा पुढून बटणे असलेला स्वेटर सोयीचा पडतो, आणि नॉर्वेच्या सेटेस्दाल भागातला लुसेकोफ्ते हा स्वेटर हल्ली बहुधा असाच पुढून उघडणारा असतो: काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि गळ्याशी भरतकाम. दुकानाने पुढच्या वर्षी तो खऱ्या लोकरीत विणून घ्यावा, असे मी मालकीणबाईंना सुचवले आहे. त्यांनी मापे लिहून घेतली.

दुकान सकाळी अकरा ते संध्याकाळी सात उघडे असते आणि ३१ डिसेंबरपर्यंत चालते. पाव बुधवारी आणि शनिवारी भाजले जातात व दुपारपर्यंत संपतात, तेव्हा आदल्या दिवशी सांगून ठेवणे बरे. केशराचा पाव फक्त १३ तारखेच्या आठवड्यात मिळतो. झुंबर न्यायचे असेल तर खोका मागून घ्यावा, पिशवीत काड्या मोडतात. आणि घरी ते पंख्यापासून दूरच्या कोपऱ्यात टांगावे, म्हणजे मार्चमध्ये पंखे सुरू झाले तरी जूनपर्यंत ते जागेवर राहू शकेल.