डोलकाठीच्या टोकावरची चाकं बदलली : आठ महिन्यांनंतर

वारा वाढला म्हणून माझ्या शिडाच्या बोटीचं मेन, म्हणजे मुख्य शीड उतरवायला घेतलं, तर ते अर्ध्यावरच अडकलं. दोर वरही जाईना, खालीही येईना. फडफडणारं शीड कसंबसं डोलकाठीला गुंडाळून इंजिनावर परतलो. दुसऱ्या दिवशी दोराला टांगलेल्या खुर्चीत बसून डोलकाठीच्या टोकापर्यंत वर गेलो, तेव्हा कारण दिसलं. हॅलयार्ड, म्हणजे शीड चढवायचा दोर, टोकावरच्या चाकावरून उतरून चाक आणि ते ज्यात बसतं त्या पेटीची भिंत यांच्या फटीत रुतला होता. जुन्या ॲल्युमिनियमच्या चाकाचं भोक झिजून लंबगोल झालेलं आणि चाक एका अंगाला कललेलं.

त्याआधी दोन मोसम मी विंचलाच, म्हणजे दोर ओढायच्या यंत्राला, दोष देत होतो, दोनदा तो उघडून ग्रीसही भरलं. खरी खूण दोरावर होती : शीड पूर्ण वर असताना दोराचा जो वीतभर भाग चाकावर बसतो, नेमकं तिथलंच कव्हर उसवलं होतं. चाकाची खाच पोलादी तारेसाठी कापलेली, अरुंद आणि टोकदार. तिच्यात दोर बसतच नाही, चिमटला जातो.

नवी चाकं ॲसिटल या कडक प्लास्टिकची करून घेतली. नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि पेटीत घट्ट बसतं, म्हणून ते नको म्हटलं. व्यास, भोक, जाडी, सगळं व्हर्नियरने मोजून कळवलं होतं. तरी आली ती तीन मिलिमीटर पातळ. बनवणारा म्हणाला, "फट दोन्हीकडे वाटली जाते, चालतं." अजिबात चालत नाही! चाक पिनेवर, म्हणजे त्याच्या आसावर, सरकतं आणि सगळी फट एकाच बाजूला जमा होते. ताणाखाली दोर चपटा होऊन तिथेच शिरतो. पाच आठवडे भांडलो, पण परत करून घेतली. एकूण फट एक मिलिमीटर, त्याहून जास्त मी घेणार नाही.

फरक पहिल्याच दिवशी कळला. शेवटचे दोन हात जिथे विंच लागायचा, तिथे शीड आता हाताने चढतं.

एका बाबतीत मात्र माझं मत बदललं. पैसे वाचवायचे म्हणून मेनच्या चाकातच काशाचा बुश, म्हणजे भोकात बसणारी नळी, घातला आणि जिबचं, म्हणजे पुढच्या शिडाचं, चाक नुसतं प्लास्टिकचं ठेवलं. चौथ्या महिन्यापर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो, बुशची गरज नाही. गेल्या आठवड्यात वर जाऊन दोन्ही चाकं हलवून पाहिली. मेनचं ठणठणीत आहे, जिबच्या भोकात खेळ आलाय. मेनचं शीड रोज उतरतं. जिब फर्लरवर, म्हणजे शीड न उतरवता जागेवरच गुंडाळणाऱ्या यंत्रावर, असल्याने तिचा हॅलयार्ड महिनोन्महिने ताणलेलाच राहतो. दोर वर जाऊन वळून खाली येतो, म्हणून पिनेवर त्या ताणाच्या जवळपास दुप्पट भार पडतो, तोही सतत एकाच जागी. प्लास्टिक हळूहळू दबणारच. म्हणजे बुश आधी जिबला हवा होता.

नवं चाक त्याच माणसाकडे टाकलंय, कारण खाच त्याने सुरेख कापली होती. या वेळी रेखाचित्रावर जाडीचा आकडा लाल पेनाने गोल करून दिलाय.