ग्रंथालयशास्त्राच्या मास्टर्सचा शेवट: प्रबंध की पोर्टफोलिओ?

अमेरिकेत ग्रंथालयशास्त्राचं मास्टर्स करणाऱ्यांपुढे शेवटच्या वर्षात हा प्रश्न हमखास येतो. सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत पदवीसाठी ई-पोर्टफोलिओ (म्हणजे आपण केलेल्या कामांचे नमुने आणि त्यांवरचे लेख यांचा संच) किंवा प्रबंध, दोहोंपैकी एक पूर्ण करावा लागतो. माझं विद्यापीठ वेगळं होतं, पण निवड हीच होती. मी पोर्टफोलिओ केला. प्रत्येकाची परिस्थिती निराळी असते, तेव्हा पुढचं सगळं माझ्यापुरतं समजून वाचा.

खरं तर माझा ओढा प्रबंधाकडे होता. विषयही ठरलेला होता. मी कॅलिफोर्नियातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात अर्धवेळ काम करतो. मुलांकडे राहायला आलेले मराठी आजी-आजोबा सकाळी तिथे येऊन बसतात. नातवंडं शाळेत, मुलगा-सून कामावर, गाडी चालवता येत नाही. पायी जाता येईल अशी जागा म्हणजे बाग नाहीतर ग्रंथालय. ही मंडळी आमच्याकडे काय शोधतात, मराठीचं एवढंसं कपाट त्यांना पुरतं का, हे त्यांच्याशी बोलून नीट लिहावं, असं मनात होतं.

माणसांच्या मुलाखती घेऊन संशोधन करायचं म्हटलं की आयआरबी, म्हणजे विद्यापीठाची संशोधन-नीती समिती, मध्ये येते. ती उगीच आलेली नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता नुसती नजर ठेवली गेली. ते उघडकीला आलं, १९७४ मध्ये माणसांवरच्या संशोधनाबद्दल कायदा झाला आणि १९७९ च्या बेल्माँट अहवालाने त्यामागची तत्त्वं मांडली. हा इतिहास माहीत असलेल्या कुणालाही या समितीबद्दल आदरच वाटेल. मलाही वाटतो.

पण माझा निर्णय इथेच फिरला. आधी ऑनलाइन प्रशिक्षण, मग प्रश्नावली, संमतीपत्र, त्या संमतीपत्राचा मराठी अनुवाद, गाईडची सही. शंका निघाली की दुरुस्ती करून कागद पुन्हा पाठवायचे. मंजुरीनंतर मुलाखतीच्या आराखड्यात काही बदलावंसं वाटलं, तर तेही आधी समितीला दाखवायचं. सेमिस्टरच्या हिशेबात हे सगळं बसतं. आजी-आजोबांच्या हिशेबात बसत नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना इथे साधारण सहा महिने राहता येतं. मी कागद जुळवत होतो तोवर ज्या काका-काकूंशी पहिल्यांदा बोलायचं ठरवलं होतं, त्यांची नाशिकला परतायची तयारी सुरू झाली होती. त्यात पुन्हा संमतीपत्र पाहिलं की "सही कशाला लागते?" हा प्रश्न येणारच. परक्या देशात पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला सहीची धास्ती वाटते आणि ती रास्त आहे. सहीऐवजी तोंडी संमती घेण्याची परवानगी मागता येते, पण त्यासाठीही अर्ज आलाच.

पोर्टफोलिओत हीच माणसं वेगळ्या वाटेने आली. त्यांच्यासाठी घेतलेल्या वाचनकट्ट्याचा आराखडा, त्याचं मराठी पत्रक, मोठ्या टायपातल्या पुस्तकांची खरेदीयादी आणि ती यादी तशी का केली याचं टिपण, हे सगळं मी नोकरीचा भाग म्हणून आधीच केलेलं होतं. वरिष्ठांची परवानगी घेऊन ते पुरावा म्हणून जोडलं. त्यातून नावं, चेहरे, कोणी काय वाचायला नेलं, हे सगळं काढून टाकलं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आचारसंहितेतलं तिसरं कलम वाचकाच्या खासगीपणाचंच आहे.

पोर्टफोलिओ सोपा असतो असा एक समज आहे. माझा अनुभव तसा नाही. अभ्यासक्रमाने ठरवलेल्या प्रत्येक क्षमतेवर लेख लिहायचा आणि त्याला पुरावे जोडायचे. असाइनमेंटमध्ये काय केलं याचं वर्णन भराभर लिहून होतं, पण तेवढ्याने भागत नाही. आपल्याला अमुक गोष्ट जमते हे त्या कामातून कसं दिसतं, हे पटवून द्यावं लागतं, आणि तिथे एकेका परिच्छेदाला संध्याकाळ जाते. गटाने केलेलं काम असेल तर आपला वाटा कोणता हे स्वच्छ लिहा. पण हे काम तुकड्यांत होतं. नोकरी आणि घर सांभाळून रात्री जेवणानंतर एक क्षमता हातात घेता येते. प्रबंधाला सलग दिवस लागतात आणि ते माझ्याकडे नव्हते.

नोकरीच्या मुलाखतीत पोर्टफोलिओची लिंक कोणी उघडून पाहिली असेल असं मला वाटत नाही. मात्र "तुम्ही वाचकांसाठी काय केलंत?" या प्रश्नाची उत्तरं मला शोधावी लागली नाहीत, ती लिहून झालेली होती.

प्रबंधाची बाजू भक्कम आहे ती दोन ठिकाणी. पुढे पीएचडी करायची असेल तर प्रबंध हाताशी असलेला केव्हाही चांगला. तो विद्यापीठाच्या संग्रहात राहतो, दुसऱ्याला सापडतो. पोर्टफोलिओ बहुधा परीक्षकापाशीच थांबतो, आणि याची मला खरोखर हळहळ वाटते. दुसरं म्हणजे तुमचा प्रश्न माणसांऐवजी कागदांतून सुटणारा असेल तर माझी मुख्य अडचण तुम्हाला येणारच नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं मिळवतंय, त्यांत मराठीही आहे. त्या पुस्तकांच्या नोंदी ठरलेल्या रोमन लिप्यंतरात होतात. त्यात 'ज्ञ' ची सुरुवात 'जे' ने होते, आपण मात्र सवयीने 'डी' टाइप करतो. देवनागरी जोडलेली नसेल तर पुस्तक असूनही वाचकाला सापडत नाही. यावर प्रबंध झाला तर मला फार आवडेल. त्यासाठी कुणाची संमतीपत्रंही लागणार नाहीत.

पण नोकरी करत शिकत असाल आणि ग्रंथालयात माणसांसोबत काम करण्यासाठीच ही पदवी घेत असाल, तर मी पोर्टफोलिओच सुचवेन. प्रबंध निवडलात तरी मधेच पोर्टफोलिओकडे वळता येतं का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे विभागाला आधी विचारून ठेवा. आणि अजून पहिल्या सेमिस्टरलाच असाल तर सगळ्या असाइनमेंट प्राध्यापकांच्या शेऱ्यांसकट स्वतःकडे उतरवून घ्या. कोर्सची पानं नंतर बंद होतात, आणि ते शेरे लेख लिहिताना फार उपयोगी पडतात.