बक्षीस माझं, बिलही माझंच

गेली बारा-चौदा वर्षं मी दिवाळी अंकांसाठी भयकथा लिहिते. या प्रकाराला आपल्याकडे वाचक भरपूर, मान बेताचा. काय लिहिता विचारलं आणि 'भयकथा' सांगितलं की समोरचा हसून म्हणतो, "वा, मुलांना आवडत असतील." माझी ही दुखरी नस परदेशात बसलेल्या कुणाला सापडेल असं वाटलं नव्हतं.

२०२३ मध्ये भाचीच्या मदतीने सहा कथा इंग्रजीत करून किंडलवर टाकल्या. तीन आठवड्यांत ईमेल आला. भयकथाकारांच्या कुठल्याशा आंतरराष्ट्रीय संघटनेने माझं पुस्तक नामांकनासाठी निवडलं होतं. वाड्याचं, विहिरीचं इतकं नेमकं कौतुक, की डोळ्यांत पाणी आलं. (मजकूर माझ्याच मलपृष्ठावरचा होता, शब्द फिरवलेले. हे नंतर कळलं.) नामांकन पक्कं करायला ७५ डॉलर, प्रत्येक विभागाचे वेगळे. एक हुकला तर दुसरा असावा, म्हणून मी दोन विभाग घेतले.

दोन्हींत जिंकले! अभिनंदनाच्या खालीच ट्रॉफी, प्रमाणपत्र आणि मुखपृष्ठावर लावायचा सोनेरी शिक्का यांचे १९५ डॉलर. जिंकल्यावर नाही कसं म्हणणार? कार्डाचे चार्जेस आणि कुरिअरवाल्याने दारात मागितलेली कस्टमची रक्कम धरून ३०,००० रुपयांच्या वर गेले. एका कथेचं मानधन मला हजार-दीड हजार मिळतं.

ट्रॉफी बघून भाचीला शंका आली. म्हणाली, "मावशी, मागच्या वर्षीचे विजेते मोज बरं." शंभरापाशी मी मोजणं सोडलं. नुसत्या भुतांच्या गोष्टींचेच नऊ विभाग, आणि परीक्षकाचं नाव एकही नाही.

पत्रात ब्रॅम स्टोकर पुरस्काराचा उल्लेख दोनदा होता, 'त्याच परंपरेतला' वगैरे. भयकथांचा तो पुरस्कार खरा आणि मोठा. अमेरिकेतली हॉरर रायटर्स असोसिएशन १९८७ सालच्या लेखनापासून तो देते. भाचीने तिथले नियम वाचून दाखवले तेव्हा माझे कान तापले. पुस्तक विचारार्थ पाठवायला फी नाही, सभासद असण्याची अट नाही. सभासद शिफारस करतात, परीक्षक मंडळं वाचतात, शेवटी मताधिकार असलेले सभासद मत देतात. वर्गणी आहे, पण ती सभासदत्वाची. जिंकणाऱ्याकडून वसुली नाही. 'सर्वोत्कृष्ट' हा शब्दही ते मुद्दाम टाळतात, सरस कामगिरीसाठी म्हणून देतात. माझ्या प्रमाणपत्रावर मात्र 'जगातील सर्वोत्कृष्ट' आहे, तेही दोनदा.

फी घेणारी प्रत्येक स्पर्धा बोगस नसते, हे मलाही मान्य. पण अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेच्या आधाराने चालणारा 'रायटर बिवेअर' हा उपक्रम लेखकांच्या फीवर पोसलेल्या असल्या पुरस्कारांविषयी कितीतरी वर्षं सावध करतोय. पैसे भरण्याआधी तिथे दहा मिनिटं घालवली असती तर! बँकेतही जाऊन आले. साहेब म्हणाले, "मॅडम, पैसे तुम्हीच भरलेत, वस्तूही पोचलीय." आता यावर काय बोलणार?

स्टोकरची ट्रॉफी म्हणजे एक छोटं झपाटलेलं घर. पुढचं दार उघडलं की आत पितळी पट्टी, तिच्यावर पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव. माझी ट्रॉफीही घरच आहे, करड्या प्लॅस्टिकचं, तळाच्या स्टिकरवर माझ्या आडनावातलं एक अक्षर गाळलेलं. परवा धूळ पुसताना नखाने दार उघडायला गेले. ते नुसतं रंगवलेलं आहे.